गरीब देशांची कर्जमुक्ती आणि ख्रिस्ती चर्चची भूमिका

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ३.३ अब्ज लोक अशा देशांत राहतात, जेथील सरकारांचा कर्जावरील व्याजाचा खर्च शिक्षणावरील किंवा आरोग्यावरील खर्चाहून अधिक आहे. हा प्रश्न सहसा अर्थमंत्री, बँका आणि आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांच्या बैठकांत चर्चिला जातो. तथापि गेल्या चार दशकांत तो सामान्य नागरिकांपर्यंत नेण्यात ख्रिस्ती चर्चचा वाटा मोठा आहे. चर्चच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मोहिमेमुळे अनेक देशांची जुनी कर्जे रद्द झाली. मात्र कर्ज देण्याघेण्याची रीत बदलली नाही, आणि त्यामुळेच हा प्रश्न आज पुन्हा उभा आहे.

कर्जाचा सापळा कसा तयार झाला

१९७० च्या दशकात तेलाचे भाव वाढल्यानंतर पाश्चात्त्य बँकांकडे मोठ्या ठेवी जमा झाल्या आणि त्यांनी विकसनशील देशांना सढळ हाताने कर्जे दिली. पुढे अमेरिकेतील व्याजदर झपाट्याने चढले, तर तांबे, कॉफी, कोको यांसारख्या कच्च्या मालाचे भाव घसरले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्जफेडीस असमर्थता जाहीर केली आणि जागतिक कर्जसंकटाला तोंड फुटले. झांबियासारख्या तांब्याच्या निर्यातीवर विसंबून असलेल्या देशात मुद्दल राहिले बाजूला, व्याज भागवण्यासाठीच नवे कर्ज काढण्याची वेळ आली. नाणेनिधी व जागतिक बँकेच्या अटींनुसार खर्चात कपात झाली आणि शाळा व दवाखान्यांत शुल्क आकारले जाऊ लागले.

या कपातीचा परिणाम चर्चला जवळून दिसत होता. आफ्रिकेतील अनेक देशांत ग्रामीण भागातील शाळा आणि रुग्णालयांचा मोठा हिस्सा चर्चच चालवते. सरकारी अनुदान आटले की औषधांचा तुटवडा तेथे जाणवतो आणि फी न भरता आल्यामुळे गळालेली मुलेही तेथेच मोजता येतात.

निवेदनापासून मोहिमेपर्यंत

व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने डिसेंबर १९८६ मध्येच कर्जप्रश्नाच्या नैतिक बाजूविषयी निवेदन प्रसिद्ध केले होते. कर्ज देणारा आणि घेणारा या दोघांवरही जबाबदारी असते, असे त्याचे सूत्र होते. त्या वेळी धनको देशांच्या धोरणावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० सालच्या महोत्सवी वर्षाच्या निमित्ताने गरीब देशांची कर्जे कमी करण्याचे किंवा रद्द करण्याचे आवाहन केले. बायबलमधील लेवीय या ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात दर ५० व्या वर्षी येणाऱ्या योबेल वर्षाची आज्ञा आहे. त्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी आणि दारिद्र्यामुळे दास्यात गेलेल्यांना मुक्त करावे, असे ती सांगते. ब्रिटनमध्ये निवृत्त प्राध्यापक मार्टिन डेंट आणि निवृत्त राजनैतिक अधिकारी बिल पीटर्स यांनी या कल्पनेला ‘ज्युबिली २०००’ या मोहिमेचे रूप दिले.

१६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅम येथे जी-८ शिखर परिषदेच्या वेळी सुमारे ७० हजार लोकांनी मानवी साखळी केली. त्यांत चर्चमधून बसगाड्या भरून आलेल्यांची संख्या मोठी होती. त्याच वर्षी अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेत कर्जप्रश्न प्रमुख विषय ठरला. जागतिक बँकेचे तत्कालीन अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन तेथे उपस्थित राहिले आणि बँकेवर होणाऱ्या टीकेबद्दल त्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. डिसेंबरमध्ये हरारे येथे भरलेल्या जागतिक चर्च परिषदेच्या अधिवेशनानेही कर्जमुक्तीची मागणी केली. मोहिमेच्या निवेदनावर १६० हून अधिक देशांतील २ कोटी ४० लाखांहून अधिक लोकांनी स्वाक्षऱ्या केल्या.

१९८६ मध्ये जे साधले नाही ते १९९८ नंतर साधले, याचे कारण चर्चच्या रचनेत आहे. धनको आणि ऋणको अशा दोन्ही देशांत त्याच्या मंडळ्या आहेत. लुसाका किंवा कंपाला येथील धर्मगुरूने मांडलेली व्यथा इंग्लंड, जर्मनी वा अमेरिकेतील रविवारच्या प्रार्थनासभेत पोहोचत होती आणि ती ऐकणारे त्या देशांचे मतदार होते.

काय मिळाले

जागतिक बँक व नाणेनिधीने १९९६ मध्ये अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठी सवलत योजना सुरू केली होती, परंतु तिचे निकष कठोर होते. १९९९ मध्ये कोलोन येथील जी-८ परिषदेनंतर ते शिथिल झाले. २००५ मध्ये ग्लेनइगल्स परिषदेने बहुपक्षीय संस्थांची कर्जेही माफ करण्याचा मार्ग मोकळा केला. आजवर ३७ देशांनी ही प्रक्रिया पूर्ण केली असून त्यांना मिळालेल्या सवलतीची एकूण रक्कम १०० अब्ज डॉलरहून अधिक आहे.

या योजनेचा लाभ सर्वप्रथम युगांडाला १९९८ मध्ये मिळाला. १९९७ मध्ये मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केल्यावर तेथील पटसंख्या सुमारे ३० लाखांवरून ५० लाखांवर गेली होती. माफीतून वाचलेला पैसा स्वतंत्र निधीत वळवून तो प्राथमिक शिक्षण, रस्ते, पाणी आणि आरोग्यावर खर्च करण्यात आला. झांबियाचे विदेशी कर्ज सुमारे ७ अब्ज डॉलरवरून १ अब्ज डॉलरच्या आत आले आणि एप्रिल २००६ मध्ये ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्यसेवेचे शुल्क रद्द झाले.

आक्षेप आणि मर्यादा

मोहिमेवर दोन आक्षेप सातत्याने घेतले गेले. माफीचा पैसा भ्रष्ट राज्यकर्त्यांच्या हाती जाईल, हा पहिला. आणि कर्ज फेडणाऱ्या देशांवर त्यामुळे अन्याय होईल, हा दुसरा. पहिल्या आक्षेपात तथ्य होते. म्हणूनच कर्जमाफीबरोबर खर्चावर नागरिकांची देखरेख असावी, अशी मागणी आफ्रिकेतील चर्च संघटनांनी केली. लुसाका येथील जेझुइट केंद्राने शहरी कुटुंबाच्या मासिक गरजांचा खर्च नियमितपणे मोजून प्रसिद्ध केला आणि सरकारच्या दाव्यांची शहानिशा करण्याचे साधन लोकांच्या हाती दिले. दुसऱ्या आक्षेपावर मोहिमेचे उत्तर असे होते की, परतफेड होणार नाही हे ठाऊक असताना हुकूमशहांना कर्ज देणाऱ्यानेही त्या जोखमीचा भार उचलावा.

मोठी उणीव मात्र वेगळ्या ठिकाणी राहिली. जुनी खाती मिटली, पण देश दिवाळखोरीत गेल्यास सर्व धनकोंना बांधील असा नियम झाला नाही. एका खासगी कंपनीने झांबियाचे जुने कर्ज सुमारे ३३ लाख डॉलरना विकत घेतले आणि त्यावर काही कोटींचा दावा लावला. २००७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने तिला सुमारे दीड कोटी डॉलर मंजूर केले. या प्रकरणानंतर चर्च व स्वयंसेवी संस्थांच्या पाठपुराव्यामुळे ब्रिटनने २०१० मध्ये अशा दाव्यांना मर्यादा घालणारा कायदा केला. दरम्यान, २०१२ पासून झांबियाने आंतरराष्ट्रीय रोखेबाजारातून नवी कर्जे उभारली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तो देश पुन्हा थकबाकीदार झाला.

आजची स्थिती

आता धनकोंमध्ये रोखेधारक, चीन आणि भारतासारखे देशही आहेत. २००३ च्या अर्थसंकल्पात भारताने अतिकर्जबाजारी देशांना कर्जसवलत देण्याची भूमिका घेतली होती. २०२३ मध्ये जी-२० च्या अध्यक्षपदाच्या काळात नाणेनिधी आणि जागतिक बँकेसह सार्वभौम कर्जाविषयीच्या जागतिक गोलमेजाचे सहअध्यक्षपद भारताकडे होते. श्रीलंकेच्या कर्जफेररचनेसाठी नेमलेल्या धनको समितीतही जपान व फ्रान्सबरोबर भारताने सहअध्यक्षाचे काम पाहिले.

२०२५ च्या पवित्र वर्षासाठी पोप फ्रान्सिस यांनी कर्जमाफीचे आवाहन पुन्हा केले आणि कॅथलिक साहाय्य संस्था कारितासने डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक स्वाक्षरी मोहीम सुरू केली. या वेळची मागणी माफीपुरती नाही. राष्ट्रांच्या दिवाळखोरीसाठी कायमस्वरूपी व्यवस्था उभारावी, यावरही तिचा भर आहे. गरीब देशांचे बहुतेक रोखे इंग्लंड किंवा न्यूयॉर्कच्या कायद्याखाली विकले जातात. त्यामुळे त्या दोन ठिकाणच्या विधिमंडळांनी केलेल्या बदलाचा परिणाम लुसाकाच्या दवाखान्यापर्यंत पोहोचू शकतो. त्या विधिमंडळांच्या मतदारसंघांतही चर्चच्या मंडळ्या आहेत आणि १९९८ प्रमाणे याही वेळी मोहिमेची भिस्त त्यांच्यावरच आहे.