सात तास, एक पोहण्याचा टँक आणि एक धावपट्टी

गेल्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. गडी पहिल्यांदाच ऑनसाईट निघालेला, मेलबर्नला. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर सात तासांचा हॉल्ट. "अरे, सात तास तिथे बसून करू काय मी?"

मी म्हटलं, "पोहायचे कपडे केबिन बॅगेत टाक."

पलीकडे पाच सेकंद शांतता. मग, "सकाळी सकाळी घेतलीस काय रे?"

त्याचं काही चुकलं नाही म्हणा. २०१९ मध्ये मला कुणी हे सांगितलं असतं तर मीही हेच विचारलं असतं. आपलं वाट बघण्याचं शिक्षण एसटी स्टँडवर झालेलं. बाकड्याच्या कडेवर टेकायचं, बॅगेचा पट्टा पायात अडकवून ठेवायचा आणि कंट्रोलरच्या खिडकीकडे डोळे लावायचे. विमानतळाच्या गच्चीवर कुणी पोहतंय हे चित्रच डोक्यात बसत नाही.

पण चांगीच्या टर्मिनल एकच्या वर खरंच टँक आहे. तिथल्या ट्रान्झिट हॉटेलचा, पण खोली न घेताही पैसे भरून मला आत सोडलं होतं. काउंटरवरच्या मुलीने आकडा सांगितला, मी मनातल्या मनात पन्नासने गुणलं आणि माझा चेहरा पडला. मग कळलं की त्यात टॉवेल, शॉवर आणि एक थंड पेय धरलेलं आहे. मध्यमवर्गीय मनाचं तेवढ्यावर समाधान झालं. :)

तर आधी कामाचं सांगतो, म्हणजे घाईतल्या लोकांना इथूनच निघता येईल.

मोठी बॅग थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत चेक-इन होते, ती मधे मिळत नाही. म्हणून पोहायचे कपडे, चप्पल आणि ओले कपडे कोंबायला एक जाड पिशवी हाताशी ठेवा. टँक इमिग्रेशनच्या आतल्या बाजूला आहे, म्हणजे व्हिसा लागत नाही, पण चुकून बाहेर पडायच्या रांगेत उभे राहू नका. आधी अर्धा तास चाला, पाय मोकळे करा, मग पाण्यात उतरा. पोटभर खाणं पोहून झाल्यावर. मोबाईलवर दोन गजर लावा, आणि ते सिंगापूरच्या वेळेनुसार लावा (आपल्यापेक्षा अडीच तास पुढे!). ढग गडगडायला लागले तर उघड्या टँकवरून सगळ्यांना बाहेर काढतात, तेव्हा पावसाळी दुपारची फार आशा धरू नका. भाव आणि वेळा बदलत असतात, त्यामुळे निघायच्या आधी एकदा बघून घ्या. इति उपयुक्त माहिती.

आता अनुपयुक्त माहिती. :)

मी पोहायला टिळक टँकवर शिकलो, पाठीला डबा बांधून. तिथे पाण्यात उताणं पडलं की झाडं दिसायची. इथे उताणा पडलो तर डोक्यावरून विमान. कडेला येऊन बघितलं तर खाली विमानं उभी, पलीकडे धावपट्टी. इंजिनियरच्या डोक्यात अशा वेळी एकच प्रश्न येतो. ह्याची रिक्वायरमेंट कुणी दिली असेल? विमानतळाचं काम विमानं उतरवायचं आणि चढवायचं. टँक कशाला?

उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

इंपीरियल एअरवेजने लंडन ते कराची सेवा १९२९ मध्ये सुरू केली. प्रवास सात दिवसांचा, आणि त्यातला युरोपातला एक टप्पा चक्क रेल्वेने. विमानं ताशी दीडशे-एकशेसाठ किलोमीटरने जाणारी, टप्प्याटप्प्याला इंधन घेणारी. वाटेत रात्रीचा मुक्काम ठरलेला. १९३२ मध्ये हा मार्ग इराणच्या किनाऱ्यावरून आखाताच्या अरबी बाजूला आला आणि शारजात, वाळवंटाच्या मधोमध, प्रवाशांसाठी किल्ल्यासारखं एक विश्रामगृह उभं राहिलं. तटबंदीच्या आत जेवण आणि झोपायला खाट, बाहेर धावपट्टी. आज तिथे अल महत्ता संग्रहालय आहे आणि त्या धावपट्टीच्या जागी शहरातला रस्ता. ह्याच सेवेने कराचीला आलेली टपाल जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला छोट्या पस मॉथ विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला आणली. म्हणजे टाटांच्या टपाल विमानाची सुरुवातही अशाच थांबत थांबत येणाऱ्या साखळीच्या टोकाला झाली.

तेव्हा थांबा ही चैन नव्हती. इंधन संपायचं, अंधार पडायचा, माणूस थकायचा, म्हणून थांबायचं.

चैन दुसऱ्या दारानं आली. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाईन्सने 'अ‍ॅडमिरल्स क्लब' काढला. विमानकंपनीचा पहिला लाऊंज म्हणून त्याचंच नाव घेतात. सुरुवातीला तिथे पैसे देऊन जाता येत नसे, बोलावणं असेल तरच. थोडक्यात, वाट सगळ्यांनीच बघायची, पण काहींनी ती गादीवर बसून बघायची. हा हिशेब आपल्याला नवा नाही. रेल्वेचं पहिल्या वर्गाचं वेटिंग रूम आणि प्लॅटफॉर्मवर वळकटीवर बसलेलं कुटुंब आपण पिढ्यान् पिढ्या बघत आलोय.

ह्या दोन्ही गोष्टी सिंगापूरला येऊन मिळतात. १ डिसेंबर १९४७ ला क्वांटासचं कॉन्स्टेलेशन विमान सिडनीहून लंडनला निघालं. २९ प्रवासी, ११ कर्मचारी, चार दिवस. थांबे असे: डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली. त्यात रात्रीचा मुक्काम सिंगापूरला आणि कैरोला. पुढे जेट आली, टाक्या मोठ्या झाल्या आणि यादीतली गावं गळायला लागली. ऑगस्ट १९८९ मध्ये क्वांटासनेच नवं ७४७-४०० एका खास उड्डाणात लंडनहून सिडनीला कुठेही न थांबता नेलं, वीस तासांत. मार्च २०१८ पासून पर्थ-लंडन नियमित विनाथांबा सेवा सुरू झाली.

आता सिंगापूरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुमचा धंदा जगाच्या मधोमध बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवण्याचा. आणि इंजिनियर लोक दरवर्षी असं विमान काढतायत ज्याला थांबायची गरजच नाही. मग काय करणार? पूर्वी लोक इंधनासाठी थांबायचे, आता ते आपणहून थांबावेत असं काहीतरी द्यायला हवं. बाग द्या, फुकट सिनेमा द्या, टँक द्या. माझ्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. टँक हा इंधनाच्या टाकीचा वारसदार आहे!

हे सुचल्यावर मी स्वतःवर जाम खूष झालो. पोस्ट इथेच संपली असती.

पण विमानतळाचा इतिहास वाचायला घेतला आणि अडकलो.

सिंगापूरचा आधीचा विमानतळ पाया लेबारला होता, १९५५ चा. सत्तरच्या दशकात तो अपुरा पडायला लागला. तिथेच दुसरी धावपट्टी करायचं ठरत होतं. पण ली क्वान यू यांनी बॉस्टनचा विमानतळ बघितलेला, जिथे विमानं पाण्यावरून येतात आणि गोंगाट वस्तीवर पडत नाही. १९७५ मध्ये निर्णय फिरला. पाया लेबारवर आधीच झालेला खर्च सोडून बेटाच्या पूर्व टोकाला, चांगीला जायचं. समुद्रात भर घालून ८७० हेक्टर जमीन तयार केली आणि १ जुलै १९८१ ला नवा विमानतळ सुरू झाला. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवावी अशी गोष्ट.

पण चांगीच का? कारण तिथे आधीपासून लष्करी विमानतळ होता. तो कुठून आला?

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. जपान्यांनी ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन कैद्यांना, सुमारे पन्नास हजार माणसांना, चांगीच्या बराकींकडे चालवत नेलं. चाळीस हजारांहून जास्त भारतीय सैनिकांना १७ फेब्रुवारीला फॅरर पार्कच्या मैदानावर वेगळं काढलं. आझाद हिंद सेनेची गोष्ट तिथून सुरू होते, ती आपल्याला थोडीफार माहीत असते. जे त्या सेनेत गेले नाहीत त्यांच्यापैकी हजारो जणांना न्यू गिनीसारख्या ठिकाणी मजूर म्हणून पाठवलं. ती आपल्याला बहुतेक माहीत नसते.

सप्टेंबर १९४३ पासून चांगीच्या कैद्यांना धावपट्टीच्या कामाला जुंपलं. जागा दलदलीची. टेकड्या खणायच्या, माती छोट्या रुळांवरच्या वाघिणीत भरायची, ढकलत न्यायची आणि दलदलीत ओतायची. हत्यारं म्हणजे कुदळ, फावडं आणि हात. १९४३ च्या अखेरीस सयाम-बर्मा रेल्वेच्या कामावरून जिवंत परतलेली, हाडांचा सापळा झालेली माणसंही नंतर ह्या कामावर आली. मे १९४४ मध्ये कैद्यांचा मुक्काम चांगी तुरुंगात हलवला. तुरुंग ६०० कैद्यांसाठी बांधलेला. आत ५,००० च्या आसपास माणसं कोंबली, बाकीची बाहेर झोपड्यांत. त्याच वर्षी धावपट्टी वापरात आली. आपल्याच बाजूच्या लोकांवर बॉम्ब टाकणारी विमानं जिथून उडू शकतील अशी जागा त्यांनी स्वतःच्या हातांनी तयार केली होती.

युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ती धावपट्टी मजबूत करायचं काम शरण आलेल्या जपानी सैनिकांकडून करून घेतलं. हे वाचून मला सूड घेतल्याचं समाधान वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फावडं तेच, उन्हातला माणूस फक्त बदललेला.

मग तो रॉयल एअर फोर्सचा तळ झाला, १९७१ मध्ये सिंगापूरकडे आला आणि त्याच टापूत पुढे आजचा विमानतळ वाढला. आज तुमचं विमान उतरतं ती काँक्रीटची पट्टी कैद्यांनी केलेली नाही, ती पुष्कळ नंतरची. पण इथे विमानतळ करता येतो हे आधी त्यांच्या पाठीवरून सिद्ध झालं.

मी ज्या सात तासांबद्दल मॅनेजरपासून ट्रॅव्हल डेस्कपर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या होत्या, ते तास मी नेमके तिथे उताणा पडून घालवले होते.

२०२३ मध्ये परत त्याच वाटेने जायचं होतं. ह्या वेळी मी मुद्दाम व्हिसा काढला आणि बाहेर पडलो. चांगी चॅपल अँड म्युझियम विमानतळापासून काही किलोमीटरवरच आहे, २०२१ मध्ये नव्याने उघडलंय. गंमत बघा, टँकला व्हिसा लागत नाही, ह्याला लागतो. अंगणात कैद्यांनी बांधलेल्या चर्चसारखं लाकडी, वरून उघडं चर्च आहे (१९४४ चं एक मूळ चर्च उचलून ऑस्ट्रेलियात कॅनबेराला नेलेलं आहे). तिथे एक वयस्कर बाई बाकावर बसल्या होत्या. मी बराच वेळ फिरलो, परत आलो तरी त्या तिथेच. मी काही विचारलं नाही. वाट बघणं आणि बसून राहणं ह्यात फरक असतो हे तेवढ्यात कळलं.

परतीच्या वाटेवर मला आमच्याकडचंच आठवत होतं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे टेकडी फोडली, खाजणात भराव घातला, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. मोबदला, पुनर्वसन, नावासाठीची आंदोलनं, सगळं आपण पेपरात वाचलंय. युद्धकैद्यांची तुलना मी ह्याच्याशी करत नाही, ती करूही नये. पण उद्या तिथल्या लाऊंजमध्ये क्रेडिट कार्ड दाखवून आपण इडली खात बसू, तेव्हा ही जमीन आधी कुणाची होती हे सांगणारं कुणीतरी शेजारी हवं.

असो. मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं नाही, बिचारा आधीच टेन्शनमध्ये होता. फक्त एवढं म्हटलं की पोहून झालं की टँकच्या कडेला थोडा वेळ उभा राहा आणि खाली बघ.

परवा त्याचा मेसेज आला. "पोहलो. मस्त. उभा राहिलो. पण खाली बघायचं काय होतं?"

त्याच्यासाठी ही पोस्ट.