छाटणीची विद्या

उद्यानांचा इतिहास लिहिताना ती कोणी वसविली याची नोंद आपण आवर्जून करतो. परंतु वसविलेली बाग पिढ्यानपिढ्या बाग म्हणून कोणी राखली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, आणि त्यामुळेच कात्री, कोयता व खुरपे यांच्या बळावर चालत आलेली निगराणीची विद्या इतिहासाच्या दप्तरात अद्याप दाखल झालेली नाही.

जुन्या घराचे परसू हे मुख्यतः उपयोगाचे क्षेत्र होते. आळ्यातली केळ, सांडपाण्यावरचे अळू, देवपूजेसाठी तगर व जास्वंद आणि गुरांना अडविण्यासाठी अडुळसा, मेंदी किंवा निर्गुडीचे कुंपण असा त्याचा संसार असे. तेथे फांदी तोडली जाई ती औषधासाठी किंवा वाट अडली म्हणून. आखीव रचनेची दृष्टी आली ती इराणी परंपरेच्या बागांबरोबर, ज्यांत पाण्याचा पाटच वाटेची रेषा ठरवी. १६६० च्या सुमारास औरंगाबादेस उभ्या राहिलेल्या बिबी-का-मकबऱ्याच्या आवारात ती शिस्त आजही दिसते. पुढे पेशव्यांच्या पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी तळे, तळ्यात बेट आणि बेटावर सारसबाग असा थाट उभा राहिला.

घरगुती बागेला मात्र आजचे वळण लागले एकोणिसाव्या शतकात. मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली, १८७३ मध्ये पुण्यास गणेशखिंडीचे वनस्पती-उद्यान स्थापन झाले, आणि तेथील अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातील बागकामावर ग्रंथही लिहिला. अशी उद्याने व छावणीतले बंगले यांच्यामागोमाग वकील, मामलेदार आणि पेन्शनर मंडळींच्या आवारांतही कोयनेल व दुरांटाची कातरलेली कुंपणे, मुरमाच्या तांबड्या वाटा आणि त्यांच्या दुतर्फा कोनावर पुरलेल्या, गेरू-चुन्याने रंगविलेल्या विटांच्या दातेरी रांगा दिसू लागल्या.

या शोभेमागे माळ्याचे सूक्ष्म ज्ञान उभे होते. कुंपण तळाशी रुंद आणि माथ्याकडे किंचित निमुळते कातरावे, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते व बुंधा उघडा पडत नाही. वाट मध्यभागी थोडी उंच ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी कडेला उतरते. गुलाबाची छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात करावयाची, आणि काप द्यावयाचा तो झुडुपाच्या बाहेर पाहणाऱ्या डोळ्याच्या किंचित वर व तिरका, जेणेकरून नवी फूट बाहेरच्या अंगाने वाढते, मध्यभागी वारा खेळतो आणि कापावर पाणी साचत नाही; अशी निगुतीने छाटलेली फांदी साधारणपणे ४५ ते ५० दिवसांत फुलावर येते. मोगऱ्याचा दस्तूर निराळा: थंडीत त्याचे पाणी तोडून त्याला विश्रांती द्यावयाची व मग छाटावयाचे, तेव्हा उन्हाळ्यात तो बहरतो.

ही निगा सुटली म्हणजे काय होते, याचा दाखला टणटणीने दिला आहे. अमेरिकेतून आलेले हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी म्हणून हिंदुस्थानात लावले गेले. पाखरांनी फळे खाऊन त्याचे बी दूरवर नेले, आणि जे कुंपणाच्या रेषेत राहावयाचे ते सह्याद्रीच्या उतारांवर रान माजवून बसले, इतके की त्याच्या जाळीखाली मूळच्या वनस्पतींना डोके वर काढणे दुरापास्त झाले. लावणे हे एका दिवसाचे काम असते. आवरणे हे कायमचे.

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांना म्हणूनच आग्रहाची विनंती आहे की, त्यांनी आपल्या गावच्या जुन्या बागांचे संस्थापक शोधावेत, पण त्याचबरोबर तेथे राबलेल्या माळ्यांची घराणी, त्यांची हत्यारे व छाटणीचे हंगामही लिहून ठेवावेत. ही माहिती आज वृद्ध माळ्यांच्या तोंडी आहे. ती टिपून घेण्याचे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.