इंग्रजी शब्दांची कुळकथा

संस्कृत शिकणाऱ्या मुलाला ‘सूर्य’ हा शब्द ठाऊक झाला कीं ‘सौर’ ओळखतां येतो. ‘चंद्र’ कळला कीं ‘चांद्र’, ‘दंत’ कळला कीं ‘दंत्य’. आद्य स्वराची वृद्धि झाली, शेवटीं एखादा प्रत्यय लागला, एवढाच काय तो फरक. लेकराच्या चेहऱ्यावरून आईबाप ओळखावे तसें तें असतें. इंग्रजी शिकणाऱ्याच्या वाट्याला हें सुख येत नाहीं. सूर्याला ‘सन’ म्हणतात हें त्यानें पाठ केलें, तरी ‘सौर’ या अर्थीं ‘सोलर’ हा शब्द त्याला नव्यानें पाठ करावा लागतो. ‘मून’चें विशेषण ‘ल्यूनर’, ‘टूथ’चें ‘डेंटल’, ‘माउथ’चें ‘ओरल’, ‘डॉग’चें ‘कॅनाइन’. एकाच घरांत राहणारीं हीं माणसें. परंतु त्यांचीं आडनांवें निराळीं आणि चेहरेही निराळे. व्याकरणाचीं पुस्तकें अशा शब्दांच्या याद्या देतात व विद्यार्थी त्या घोकतात. पण हें असें कां झालें याचें उत्तर व्याकरणांत नाहीं. तें इंग्लंडच्या इतिहासांत आहे.

अकराव्या शतकापूर्वींची इंग्रजी अशी नव्हती. अँग्लो-सॅक्सन लोकांची ती भाषा शब्द घडविण्याच्या कामीं चांगलीच स्वावलंबी होती. वैद्यकाला ते लोक ‘लॅचेक्रॅफ्ट’ म्हणत, ज्योतिषाला ‘तुंगोलक्रॅफ्ट’, गणिताला ‘रीमक्रॅफ्ट’. ‘क्रॅफ्ट’ म्हणजे विद्या. तिच्या आधीं विषयाचें नांव जोडलें कीं नवें शास्त्र शब्दरूपानें उभें राही. दहाव्या शतकाच्या अखेरीस एल्फ्रिक नांवाच्या मठवासी पंडितानें लॅटिनचें व्याकरण आपल्या देशभाषेंत समजावून सांगितलें, तेव्हां व्याकरणालाही त्याच्यापाशीं ‘स्टॅफक्रॅफ्ट’, म्हणजे अक्षरविद्या, हा घरचा शब्द तयार होता. आज जे निव्वळ प्रत्यय म्हणून शिकविले जातात त्यांतले कांहीं त्या काळीं स्वतंत्र शब्द होते. ‘डोम’ म्हणजे निवाडा किंवा सत्ता; तोच झिजून ‘किंगडम’ व ‘फ्रीडम’ यांच्या शेपटाला राहिला. ‘हाद’ म्हणजे दर्जा किंवा अवस्था. तो ‘चाइल्डहुड’मध्यें आहे.

१०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें हेस्टिंग्सची लढाई जिंकली आणि इंग्लंडच्या राजसभेंत व न्यायसभेंत फ्रेंच भाषा बसली. धर्मपीठांत व विद्यापीठांत लॅटिन होतीच. न्यायालयांतील वाद इंग्रजींतून चालावे असा कायदा व्हावयास १३६२ साल उजाडावें लागलें. आणि मौज ही कीं तो कायदाही फ्रेंच भाषेंतच लिहिलेला होता! या तीनशें वर्षांत इंग्रजी मेली नाहीं. ती शेतांत, स्वयंपाकघरांत आणि पाळण्यापाशीं जिवंत राहिली. म्हणूनच सूर्य, चंद्र, दांत, तोंड, हात, आई, बाप या वस्तूंचीं व माणसांचीं नांवें अजून तिचीं स्वतःचीं आहेत. विद्येचे शब्द मात्र वापरावांचून गंजून गेले. पुढें जेव्हां इंग्रजींत पुन्हा शास्त्रें लिहिण्याची वेळ आली तेव्हां ‘तुंगोलक्रॅफ्ट’ कोणाला आठवत नव्हता. नामें घरचीं आणि त्यांवरून होणारीं विशेषणें बाहेरचीं, अशी जी विचित्र वांटणी झाली ती येथें.

मराठी वाचकाला यावर एक शंका येईल. मराठीही विद्येचे शब्द संस्कृतांतून घेते. मग फरक कोठें पडला? फरक नात्याचा आहे. ‘हात’ आणि ‘हस्त’, ‘काम’ आणि ‘कर्म’ हीं नात व आजी आहेत. चेहरेपट्टी लपत नाहीं. लॅटिन ही इंग्रजीची आई नव्हे, आजीही नव्हे. फार जुन्या कुळांतली ती लांबची मावशी. ‘माय मरो, मावशी जगो’ ही म्हण इंग्रजीच्या बाबतींत अक्षरशः खरी ठरली. मात्र मावशीनें वाढविलेल्या लेकराला ‘हँड’ आणि ‘मॅन्युअल’ यांचा संबंध कोणी सांगितल्यावांचून कळत नाहीं.

तथापि मावशीचें घर हळूहळू आपलें झालें, हेंही सांगितलें पाहिजे. फ्रेंच शब्द आले ते आपापले प्रत्यय घेऊन आले. आणि असे शेंकडों शब्द कानांवरून गेल्यावर इंग्रज माणसाला त्यांतला प्रत्यय वेगळा ऐकूं येऊं लागला. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘-एबल’ हा परका प्रत्यय शुद्ध इंग्रजी धातूंना लागलेला दिसतो. ‘ईटेबल’, ‘बिलीव्हेबल’ हीं रूपें त्यांतूनच झालीं. उलट दिशेनें ‘ब्यूटी’ या फ्रेंच शब्दाला ‘-फुल’ हें गांवठी शेपूट लागलें, ‘जेंटल’ला ‘-नेस’ लागला. ही सोयरीक कोणा पंडितानें जमविली नाहीं. बाजारांत व देवळांत बोलणाऱ्या लोकांनीं ती जमविली, आणि पंडितांनीं केलेल्या बहुतेक सोयरिकींपेक्षां ती अधिक टिकली.

पंडितांची पाळी सोळाव्या शतकांत आली. ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या अभ्यासानें भारलेले लेखक मूठमूठ शब्द उचलून आणूं लागले. सर टॉमस एलियट यानें १५३१ सालच्या आपल्या ‘गव्हर्नर’ या ग्रंथांत ‘मॅच्युरिटी’ हा शब्द आणला व तो कां आणला याचें समर्थनही केलें. विरोधकांनीं अशा शब्दांना ‘इंकहॉर्न’, म्हणजे शिंगाच्या दौतींतले शब्द, असें नांव ठेविलें. १५५३ सालीं टॉमस विल्सन यानें आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील पुस्तकांत असल्या शब्दांनीं खच्चून भरलेलें एक थट्टेचें पत्र घातलें. आज तें पत्र वाचणाराला हंसूं येतें, पण निराळ्या कारणानें. ‘ऑब्टेस्टेट’, ‘इन्जेंट’ हे त्यांतले शब्द खरोखरच मेले. परंतु ज्यांची तितकीच टर उडविली होती ते ‘कॅपॅसिटी’, ‘डेक्स्टेरिटी’, ‘सेलिब्रेट’ हे शब्द आज शाळेंतल्या मुलांच्या तोंडीं आहेत. कोणता शब्द जगेल हें विल्सनला सांगतां आलें नाहीं, आणि एलियटलाही सांगतां आलें नसतें.

विरोधकांतला सर्वांत मातबर गृहस्थ सर जॉन चीक. हा केंब्रिजचा ग्रीक भाषेचा अध्यापक आणि सहाव्या एडवर्ड राजाचा गुरु. म्हणजे ग्रीक-लॅटिन येत नव्हतें म्हणून तो नाक मुरडीत होता असें नाहीं. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचें भाषांतर करतांना त्यानें शक्य तेथें घरचेच शब्द घडविले. शंभर शिपायांच्या नायकाला ‘हंड्रेडर’, चंद्राच्या प्रभावानें भ्रमिष्ट झालेल्याला ‘मून्ड’, पुनरुत्थानाला ‘गेनरायझिंग’. १५५७ सालीं लिहिलेल्या एका पत्रांत त्यानें असें बजाविलें कीं, सदा उसनें घेणारी आणि कधींच फेड न करणारी भाषा अखेरीस दिवाळें काढील. त्यानें दिवाळखोरासाठीं योजिलेला ‘बँकरप्ट’ हा शब्द मूळचा इटालियन होता, हें त्याच्या ध्यानांत आलें नसावें! १५७३ सालीं राल्फ लेव्हर यानें तर्कशास्त्राला ‘विटक्राफ्ट’, व्याख्येला ‘से-व्हॉट’ आणि निष्कर्षाला ‘एंड-से’ असे शब्द सुचविले. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रचलेला राज्यव्यवहारकोश ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही धडपड ओळखीची वाटेल. लेव्हरचे शब्द वाईट नव्हते. अडाणी शेतकऱ्यालाही ‘एंड-से’चा अर्थ सांगावा लागला नसता. पण तर्कशास्त्र वाचणारे आधींच लॅटिन शिकलेले होते, आणि ज्यांना त्या शब्दांची गरज होती ते तर्कशास्त्र वाचीत नव्हते.

या व्यवहाराची किंमत कोणी दिली हें १६०४ सालीं कळून आलें. रॉबर्ट कॉड्री या शाळामास्तरानें त्या वर्षीं सुमारें २,५०० कठीण शब्दांचा एक लहान कोश छापला. इंग्रजीचे अर्थ इंग्रजींतच देणारा हा पहिला छापील कोश समजतात; आणि तो कोणासाठीं, हें त्याच्या मुखपृष्ठावरच होतें: स्त्रियांसाठीं व इतर अशिक्षितांसाठीं. म्हणजे ज्यांना लॅटिन शिकूं दिलें नव्हतें त्यांना स्वतःच्या मातृभाषेसाठीं कोश उघडावा लागूं लागला. १७७५ सालीं शेरिडनच्या ‘रायव्हल्स’ नाटकांतील मिसेस मॅलाप्रॉप मोठे शब्द चुकीच्या जागीं वापरते आणि सारें नाट्यगृह हंसतें. बिचारीचा अपराध एवढाच कीं शब्दाचें कूळ न कळतां तो तिनें नुसता कानानें उचलला. तिच्या जागीं मुळें घरचीं असतीं तर ती इतकी फसती ना.

एकोणिसाव्या शतकांत डॉर्सेट परगण्यांतील कवि व धर्मोपदेशक विल्यम बार्न्स यानें चीकची पताका पुन्हा हातीं घेतली. १८७८ सालच्या त्याच्या व्याकरणाचें नांवच ‘स्पीचक्राफ्ट’ होतें. त्याच्या शब्दांना थोडे लोक हंसले व बाकीच्यांनीं ते वाचलेच नाहींत.

त्याच दशकांत एका निराळ्या शब्दावरून रण माजलें होतें. ‘रिलायेबल’ हा शब्द अशुद्ध आहे असें पुष्कळ सुशिक्षितांचें मत होतें. आक्षेप सरळ होता. ‘ईट’ हा धातु सकर्मक, म्हणून खाण्याजोगें तें ‘ईटेबल’. पण ‘रिलाय’ला ‘ऑन’ची जोड लागते, तेव्हां रूप करावयाचेंच तर ‘रिलाय-ऑन-एबल’ करावें! अमेरिकन टीकाकार रिचर्ड ग्रँट व्हाइट हा या पक्षाचा एक पुढारी. त्याला तोंड देणारा मनुष्यही अमेरिकनच होता, पण त्याची विद्या काशींत पिकली होती. फिट्झएडवर्ड हॉल हा हार्वर्डचा विद्यार्थी १८४६ सालीं हिंदुस्थानाकडे निघाला. गंगेच्या मुखाशीं त्याचें जहाज फुटलें आणि तो येथेंच राहिला. १८५० पासून काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेंत तो शिकवूं लागला, संस्कृत ग्रंथ संपादूं लागला, आणि १८६२ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांत संस्कृतचा अध्यापक झाला. पाणिनीच्या देशांत प्रत्ययांचा विचार केलेल्या या माणसानें १८७७ सालीं केवळ ‘-एबल’ या एका प्रत्ययावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें. ज्याला हंसावें तें ‘लाफेबल’, ज्यावांचून चालेल तें ‘डिस्पेन्सेबल’. या धातूंनाही ‘अॅट’ आणि ‘विथ’ लागतात, मग तेथें कोणी हरकत कां घेत नाहीं? भाषेनें जें शतकानुशतकें केलें तें एका शब्दापुरतें पाप कसें ठरेल? संस्कृतांतही ‘वि-श्वस्’ धातूला सप्तमी चालते, तरी ‘विश्वसनीय’ म्हणतांना कोणाची जीभ अडखळत नाहीं.

हॉलनें सफोकमधील एका खेड्यांत एकांतवास पत्करला आणि जेम्स मरे संपादीत असलेल्या ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाला आपलीं उरलेलीं वर्षें दिलीं. १९०१ सालीं मरेपर्यंत तो कोशाचीं मुद्रितें तपासून जुन्या ग्रंथांतलीं अवतरणें पुरवीत राहिला, तेंही विनावेतन. १९२८ सालीं तो कोश पुरा झाला.

राहतें राहिलें ‘रिलाय’चें कूळ. लॅटिनमध्यें ‘लिगारे’ म्हणजे बांधणें. त्यापासून फ्रेंचच्या द्वारें ‘रिलाय’ आला, ‘अॅलाय’ म्हणजे दोस्त आला, ‘लीग’ म्हणजे संघ आला. हाडें बांधून ठेवणारें ‘लिगामेंट’ थेट लॅटिनमधून आलें. आणि उपकारानें किंवा कायद्यानें जो बांधला गेला तो ‘ऑब्लाइज्ड’. मराठींत त्याला बांधील म्हणतात.