वाटेकाठचे पाषाण

महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, बखरी, तहनामे आणि पेशवे दफ्तरातील रुमाल यांकडेच आपली दृष्टी वळते. परंतु ज्याला ताम्रपट देण्याचा अधिकार नव्हता आणि बखरीत ज्याला जागा मिळणे संभवनीय नव्हते, अशा सामान्य मनुष्याची स्मृती जर कोठे टिकली असेल, तर ती गावाच्या शिवेवर, पाणवठ्याच्या वाटेला किंवा देवळाच्या आवारात अर्धवट गाडल्या गेलेल्या वीरगळांवर होय. वाई तालुक्यातील किकली गावी भैरवनाथाच्या प्राचीन देवालयाभोवती असे वीरगळ इतक्या संख्येने उभे आहेत की, एका लहानशा वस्तीने एवढे मरण कोठून आणले, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहावा.

वीरगळ वाचावयाचा तो खालून वर. तळच्या चौकटीत वीर धारातीर्थी पडलेला असतो, आणि त्याच्या शेजारी गाई कोरलेल्या असल्या तर त्याने परचक्राने वळवून नेलेले गोधन सोडविताना प्राण वेचला असे समजावे; त्यावरील चौकटीत ढाल-तलवार घेतलेल्या त्याच वीराचा संग्राम; त्याहून वर अप्सरा त्याला स्वर्गी नेत आहेत; आणि सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे, माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य. शिलाहार-यादवांच्या काळात ही परिपाठी महाराष्ट्रभर रूढ होती. पाषाण काळा व कठीण, गावपाथरवटाचा हात बेताचा. त्यामुळे पुष्कळ मूर्तींना चेहरा असा नाहीच. राजकुळांच्या दिग्विजयांपेक्षा गुरे वळविण्यावरून झालेल्या चकमकी गावाच्या आयुष्यात किती मोठ्या होत्या, हे मात्र या ओबडधोबड चौकटींइतके स्पष्टपणे दुसरे कोणतेही साधन सांगत नाही.

कर्नाटकातील वीरगळांवर राजा, शक, वीराचे नाव आणि प्रसंग यांचा सविस्तर लेख पुष्कळदा आढळतो; आपल्याकडील बहुसंख्य वीरगळ निरक्षर आहेत. शिल्पकाराला लिहिता येत नव्हते म्हणून असे घडले, ही उपपत्ती मला पटत नाही. ज्यांच्यासाठी दगड उभा केला त्या गावकऱ्यांना मेलेला कोण हे ठाऊकच होते. त्याने काय केले तेवढे पुढील पिढ्यांना दिसावे, इतकाच त्यांचा हेतू असावा. पुढे पिढ्या उलटल्या, नाव विसरले, आणि दगडाला शेंदूर लागून त्याचा देव झाला.

राजशासनाला अक्षरांची गरज होती. तरीही केवळ अक्षरांवर विसंबणे त्यालाही धोक्याचे वाटले असावे. दानाचा भंग करणाराला दिलेली जी शिवी शिलाहारांच्या शिलालेखांतून येते (ती येथे छापण्याजोगी नाही), तिचे चित्रच गाढवासह दगडावर कोरण्याची व्यवस्था कोकणात सर्रास दिसते. परळचा 1187 सालचा अपरादित्याचा असा लेख आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर गलबतांच्या रांगा आणि वल्हेकरी कोरलेले आहेत. यादव महादेवाने शिलाहार सोमेश्वराचा समुद्रावर पराभव केला, तोच हा प्रसंग असे एक मत आहे. दुसरे काही विद्वान त्याला याहून प्राचीन मानतात. वाद मिटण्यासारखा नाही, कारण येथेही लेख नाही.

मराठेशाहीत मेलेल्या शिपायाची दखल दगडापेक्षा कागदाने अधिक घेतली. लढाईत कामास आलेल्याच्या मुलांना बालपरवेशी म्हणून जी नेमणूक किंवा जमीन मिळे, तिच्या नोंदीत नाव, गाव, प्रसंग सर्व असे. फक्त ते वाटसरूला दिसत नसे, सरकारी कारकुनाला दिसे.

नावे वाटेवर आली ती पुणे-नगर रस्त्यावर, भीमेच्या काठी. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे आठशे शिपायांनी पेशव्यांच्या फार मोठ्या फौजेशी दिवसभर झुंज दिली, त्याचे स्मारक म्हणून कंपनी सरकारने तेथे स्तंभ उभारला आणि कामी आलेल्या शिपायांची नावे त्यावर घातली. त्यांतील 22 नावे ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महारांची आहेत. कंपनीला आपला जय मिरवावयाचा होता. जातिभेदाशी तिला कर्तव्य नव्हते. परंतु दगड कोणी उभा केला यावरून तो कोणाचा हे ठरत नाही. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे येऊन मानवंदना दिली, तेव्हापासून त्या स्तंभाचे वाचक बदलले, आणि जेत्याच्या शिलालेखातील मृतांची यादी हाच त्याचा मुख्य मजकूर झाला.

त्याच इंग्रजी हुकुमतीने पुढच्या शतकात मात्र हात आखडता घेतला. सातारा, रत्नागिरी वगैरे जिल्ह्यांतील कित्येक गावांत 1914 ते 1919 च्या महायुद्धाच्या लहान पाट्या दिसतात: या गावातून अमुक लोक युद्धावर गेले, पैकी अमुक मेले. नाव नाही, आणि मेसोपोटेमियात की फ्रान्समध्ये तेही नाही. वीरगळात नाव नसले तरी करणी होती. येथे सरकारने शेतसाऱ्याच्या आकारणीसारखी मृत्यूची आकारणी करून गावाच्या हवाली केली, असेच म्हणावे लागते. सातारा तालुक्यातील अपशिंगे गावचे 46 जण त्या युद्धात पडले. पुढे प्रत्येक पिढीतून तेथील तरुण फौजेत जात राहिले, आणि त्या पंचक्रोशीत हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते.