विमानात कॉफी नेता येते का? पावडर, थर्मास आणि जायफळ, तिघांचे नियम वेगळे

काकडीचा शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला आणि पुणतांबा, राहाता, कोपरगाव या पट्ट्यातल्या लोकांसाठी विमान एकदम घराजवळ आलं. आधी पुणे किंवा मुंबई गाठण्यातच अर्धा दिवस जायचा. आता पहाटे थर्मासमध्ये कॉफी भरून निघालं तरी चालतं. पण सुरक्षा तपासणीच्या रांगेत पोहोचलं की शंका सुरू होतात. थर्मास आत नेऊ देतील का? बॅगेतल्या कॉफी पावडरीचं काय? आणि परदेशातल्या मुलीसाठी आईने बांधून दिलेल्या त्या घरगुती मिश्रणाचं?

‘कॉफी’ असा वेगळा नियम कुठेच नाही. कॉफी कोणत्या रूपात आहे, तिच्यात काय मिसळलं आहे आणि तुम्ही कुठे उतरणार आहात, यावर सगळं ठरतं.

पावडर आणि बिया

हा सगळ्यात सोपा भाग. इन्स्टंट कॉफी, फिल्टर कॉफीची पावडर, भाजलेल्या बिया हे सगळं भारतातल्या प्रवासात हातातल्या बॅगेतही चालतं आणि चेक-इनच्या बॅगेतही. फक्त वजन मोजलं जातं. इकॉनॉमी वर्गात हातातल्या बॅगेची मर्यादा बहुतेक कंपन्यांत ७ किलो असते.

तरीही पावडरीचं पाकीट बऱ्याचदा बाहेर काढायला लावतात. त्यामागे कारण आहे. एक्स-रे मशीनच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू केशरी रंगात दिसतात. कॉफी, पीठ, साखर अशीच दिसते आणि बरीचशी स्फोटकंही अशीच दिसतात. घट्ट भरलेलं अर्ध्या किलोचं पाकीट म्हणजे पडद्यावर एक गडद केशरी ठोकळा. म्हणून ते उघडून बघतात किंवा कापडाची पट्टी फिरवून रासायनिक चाचणी घेतात. तुमच्यावर संशय आहे म्हणून नाही, पडद्यावरून काही ठरवता येत नाही म्हणून. कंपनीचं बंद पाकीट आणि त्यावरची छापील माहिती असेल तर काम लवकर उरकतं. स्टीलच्या डब्यात सुटी भरलेली पावडर मात्र हमखास वेळ खाते.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवायची. ३० जून २०१८ पासून तिकडे जाणाऱ्या विमानांत हातातल्या बॅगेतली पावडर ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त असेल, म्हणजे साधारण कोल्ड्रिंकच्या एका कॅनपेक्षा जास्त, तर तिची वेगळी तपासणी होते. समाधान झालं नाही तर ती फेकावी लागते. चेक-इनच्या बॅगेला ही अट नाही, त्यामुळे मोठं पाकीट सरळ तिकडेच टाका.

बियांच्या बाबतीत भाजलेली आणि कच्ची यात फरक आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला, आणि तिथली कॉफी भेट म्हणून न्यायची हौस कुणालाही होईल. न्यायची तर भाजलेली न्या. कच्च्या बियांबरोबर कीड जाण्याची भीती असते. म्हणूनच अमेरिकेत हवाई आणि पोर्तो रिको इथे कच्च्या बिया नेता येत नाहीत, कारण तिथे कॉफीचे मळे आहेत.

थर्मासमधली कॉफी

तयार कॉफी म्हणजे द्रव, मग ती कितीही चांगली झालेली असो. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला आणि त्यातून १०० मिलिलिटरचा नियम आला. आंतरराष्ट्रीय प्रवासात प्रत्येक बाटली जास्तीत जास्त १०० मिलिलिटरची आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. इथे मोजतात ती बाटली, आतला द्रव नाही. अर्ध्या लिटरच्या थर्मासात तळाशी दोन घोट उरले असले तरी तो चालत नाही. रिकामा थर्मास नेता येतो.

देशांतर्गत प्रवासात आपल्याकडे एवढी कडक अट नसते. पाण्याची बाटली सहसा आत जाते आणि थर्मासही जाऊ शकतो. झाकण उघडायला किंवा एक घोट प्यायला सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका. शेवटचा शब्द तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्याचाच असतो.

घोळ होतो तो जोडविमानात. शिर्डीहून थेट परदेशी विमान नाही, त्यामुळे मुंबई, दिल्ली किंवा हैदराबादला बदलावं लागतं. काकडीला आत गेलेला थर्मास तिथल्या आंतरराष्ट्रीय तपासणीत अडकतो. आमच्या घरची एक थर्मासभर कॉफी अशीच एका मोठ्या विमानतळावरच्या बेसिनमध्ये गेली, तीही बाबांनी नाइलाजाने स्वतःच्या हाताने ओतली. एडिंबरासारख्या काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे २०२५ पासून दोन लिटरपर्यंत द्रव नेऊ देतात, पण परतीच्या वाटेवर मध्ये जुनी अट असलेला विमानतळ लागला की त्याचा उपयोग नाही.

जायफळाचं काय?

मराठी घरातली कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. अनेक घरांत पावडरीतच जायफळ-वेलचीची पूड मिसळून ठेवतात. सौदी अरेबियाला जाणाऱ्यांनी, मग नोकरीसाठी असो वा उमराहसाठी, हे मिश्रण घरीच ठेवावं. तिथे जायफळ आणायला बंदी आहे, अख्खं असो वा पूड. मसाल्याच्या मिश्रणात २० टक्क्यांपर्यंत सूट आहे, पण डब्यातल्या मिश्रणात जायफळ किती टक्के आहे हे विमानतळावर कोण सिद्ध करणार? जायफळ जास्त प्रमाणात पोटात गेलं तर नशा आणतं, हे बंदीचं कारण. खसखशीचंही तसंच. ती अफूच्याच झाडाची, आणि संयुक्त अरब अमिरातीत ती नेणं गुन्हा आहे. कॉफीबरोबर लाडू-अनारसे बांधताना हे आठवायला हवं, कारण अनारशावर खसखस असतेच.

शेजाऱ्यांनी दिलेलं पाकीट

गावाकडे हे नेहमीचं आहे. कुणी परदेशी निघालं की चार घरांतून पुडकी येतात. ‘एवढं आमच्या पिंट्याला दे गं’ म्हटल्यावर नाही म्हणवत नाही. पण कॉफीच्या उग्र वासामुळे अमली पदार्थ लपवणाऱ्यांना ही पाकिटं सोयीची वाटतात. २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर कोलंबोहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात कॉफीच्या पाकिटांतून ४.७ किलो कोकेन सापडलं. कायद्याच्या दृष्टीने सामान ज्याच्या ताब्यात, जाब त्याला. तेव्हा दिलेलं पाकीट समोर उघडून बघा आणि उघडू देत नसतील तर घेऊ नका. वाईटपणा आला तरी चालेल.

विमानात बसल्यावर

उंचीवर केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात. आपल्या जिल्ह्यातलं कळसूबाई शिखर सुमारे ५,४०० फुटांचं, म्हणजे तुम्ही कळसूबाईच्याही वर बसलेले असता. म्हणून कॉफीचं छोटं पाऊच फुगतं आणि घाईत फाडलं की पावडर शेजाऱ्याच्या शर्टावर जाते. थर्मासचं झाकणही हळूहळू, तोंडापासून लांब धरून फिरवा. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी ट्रे बंद ठेवायचा असतो, त्यामुळे गरम कप तेव्हा नकोच.

वैमानिकांनाही यातून सुटका नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये फ्रँकफर्टहून कानकूनला निघालेल्या विमानात कॅप्टनची कॉफी नियंत्रण पॅनेलवर सांडली, धूर आला आणि विमान आयर्लंडमधल्या शॅननला उतरवावं लागलं. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये, होळीच्या दिवशी, दिल्ली–गुवाहाटी विमानाच्या कॉकपिटमध्ये लीव्हरजवळ ठेवलेल्या कॉफीच्या कपाचा फोटो पसरला आणि स्पाइसजेटने दोन्ही वैमानिकांना ड्युटीवरून बाजूला केलं.

कर्मचाऱ्यांनी दिलेली कॉफी अंगावर सांडून भाजलं तर? आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करार लागू होतो आणि भारत त्यात २००९ पासून आहे. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने अशाच एका भाजलेल्या लहान मुलीच्या प्रकरणात निकाल दिला. विमान हादरलं नसलं, कप कशामुळे कलंडला हे कळलं नसलं, तरी तो कराराच्या अर्थाने ‘अपघात’च, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणून त्याच वेळी केबिन क्रूकडून घटनेची लेखी नोंद करून घ्या, फोटो काढा आणि उतरल्यावर डॉक्टरांचा कागद घ्या. दावा करायला दोन वर्षांची मुदत असते.