बार्ड (ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स, पहिली आवृत्ती)

‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकी भूमिकाखेळातील गायक-योद्ध्याचा पात्रवर्ग. डग श्वेगमन यांनी त्याचे आधीचे रूप फेब्रुवारी १९७६ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात मांडले. गॅरी गायगॅक्स यांच्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये (१९७८) तो परिशिष्टात, ऐच्छिक म्हणून आला आणि पार बदलला. येथे थेट बार्ड होता येत नाही. पात्राने आधी योद्धा म्हणून किमान पाचवी पातळी गाठायची, आठवीपूर्वी ती वाट सोडून चोर व्हायचे, तेथेही किमान पाचवी गाठून नववीपूर्वी थांबायचे. मग ड्रुइडांकडे, म्हणजे निसर्गपूजक पुरोहितांकडे, शिक्षण. बळ, शहाणपण, चापल्य आणि व्यक्तिप्रभाव हे चारही गुण किमान १५ हवेत. फाशांवर असा योग क्वचितच जुळतो. त्यामुळे प्रत्यक्ष खेळात हा वर्ग फारसा दिसला नाही. तरीही त्याची कल्पना विलक्षण समृद्ध आहे: वादनाने मोहिनी घालणे, काव्याने सोबत्यांना चेव आणणे, आख्यायिका व जादुई वस्तू ओळखणे, शिवाय ड्रुइडांचे मंत्र. बार्डांच्या विद्यापीठांची ‘क्ली’, ‘ओलाव’ ही नावे प्राचीन आयरिश कवींच्या श्रेणींवरून घेतली आहेत. दुसऱ्या आवृत्तीत (१९८९) बार्ड पहिल्या पातळीपासून निवडता येणारा नेहमीचा वर्ग झाला.