आम्ही माल्थसचे वंशज

जगात दोन प्रकारची माणसं असतात. एक, भात चुलीवर चढवला की तो शिजेपर्यंत त्याच्याकडे ढुंकून न पाहणारी, आणि दुसरी, दर दोन मिनिटांनी झाकण उचलून "झाला का?" म्हणून विचारणारी. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. पत्र पेटीत टाकल्यावर ते आत नीट पडलं की नाही, हे पाहण्यासाठी मी पेटीच्या तोंडात हात घालतो. एकदा तो अडकलाही होता. ती हकिकत पुन्हा केव्हातरी.

अशा माणसाला आमच्या मेहुण्यांनी २०२१ सालच्या अखेरीस एक सल्ला दिला. "भाऊजी, निवृत्तीच्या पैशातले लाखभर रुपये सरकारी रोख्यांच्या फंडात टाका आणि विसरून जा!" सल्ल्याचा पूर्वार्ध मी तंतोतंत पाळला. मेहुण्यांनी स्वतःही तेवढेच पैसे त्याच दिवशी, त्याच फंडात टाकले.

विसरणं मात्र जमेना. सकाळी चहाच्या आधी मोबाईल उघडायचा आणि फंडाचा आकडा पाहायचा, हा नित्यनेम झाला. आकडा दोन पैशांनी वर असला की चहा गोड लागे. खाली असला की साखर कमी पडल्याबद्दल मी घरात बोलून दाखवी. "अहो, साखर रोजचीच आहे. रोखे तेवढे रोजचे नाहीत," असं एकदा ही म्हणाली.

मग आला ४ मे २०२२. त्या दिवशी, ठरलेली बैठक नसताना, रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केला. व्याज वाढलं म्हटल्यावर मी पेढे आणायच्या विचारात होतो. पाहतो तो फंड घसरलेला! मी तडक मेहुण्यांना फोन लावला.

"भाऊजी, हा सी-सॉ आहे," मेहुणे शांतपणे म्हणाले. "समजा, तुमच्याकडे १०० रुपयांचा एक कागद आहे. वर्षाला ३ रुपये देतो, मुद्दल कधीच परत देत नाही. उद्या सरकार नव्या कागदावर ४ रुपये द्यायला लागलं, तर तुमचा जुना कागद १०० ला कोण घेईल?"

"कोणी नाही."

"पण ७५ ला घेईल. कारण ७५ वर ३ म्हणजे शेकडा ४ च पडले. व्याज वर गेलं की जुना कागद खाली, व्याज खाली आलं की कागद वर. मुदत जितकी लांब तितका झोका मोठा. आता नुसतं बसून राहायचं."

लहानपणी सी-सॉवर पलीकडचा मुलगा टुणकन उतरला की आपली काय गत होते, हे मला चांगलं ठाऊक होतं. ८ जूनला दर आणखी अर्ध्या टक्क्यानं वाढून ४.९० झाला आणि त्याच आठवड्यात मी उतरलो. लाखाचे साडेपंच्याण्णव हजार हाती आले, ते बँकेत मुदतठेवीत टाकले आणि त्या रात्री पाच आठवड्यांनी प्रथमच घोरलो, असं घरच्या साक्षीदाराचं म्हणणं आहे.

पण फजिती झालेल्या माणसाला सोबत लागते. आणि ती सोबत थोरामोठ्यांची असेल तर फजितीला जरा भारदस्तपणा येतो. मी इतिहासात शोधायला लागलो. आणि काय सांगू, मला साक्षात माल्थस सापडला!

माल्थस म्हणजे तोच तो, लोकसंख्या अन्नापेक्षा भराभर वाढते, असं १७९८ साली लिहून सगळ्या जगाला घोर लावणारा. पेशानं तो पाद्री. १८०५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात प्राध्यापक. हिंदुस्थानात पाठवायच्या पोरांना तिथं तयार करत. पगार ठरलेला, पदरात मुलं तीन. (एवढं लिहूनही तीन!) आणि स्वभाव, सगळ्या जगाच्या पोटाची काळजी वाहणाऱ्याचा असावा तसाच.

त्याचा जिवलग दोस्त डेव्हिड रिकार्डो. हाही मोठा अर्थशास्त्रज्ञ, पण शिकला तो शेअरबाजारात. वयाच्या चौदाव्या वर्षी तो बापाच्या हाताखाली लंडनच्या बाजारात उभा राहिला. एकविसाव्या वर्षी त्यानं क्वेकर पंथातल्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा ज्यू आईबापांनी त्याच्याशी संबंध तोडले. पठ्ठ्यानं स्वतःच्या हिमतीवर धंदा उभारला आणि चाळिशी ओलांडता ओलांडता गॅटकम पार्क नावाची जहागीरवजा वास्तू विकत घेतली. मध्यंतरी बायकोच्या प्रकृतीसाठी बाथला हवापालट करायला गेला असताना तिथं त्याच्या हाती ॲडम स्मिथचं पुस्तक पडलं आणि तो अर्थशास्त्रात शिरला. मीही बायकोबरोबर महाबळेश्वरला गेलो होतो. मला फक्त स्ट्रॉबेऱ्या मिळाल्या.

या दोघांची मैत्री विलक्षण होती. एकाचं मत दुसऱ्याला पटायचं नाही. १८१५ च्या फेब्रुवारीत धान्याच्या आयातीवरून दोघांनी एकमेकांविरुद्ध पुस्तिका काढल्या. तरी पत्रं चालू, एकमेकांकडे मुक्कामाला जाणं चालू.

त्याच सुमारास नेपोलियन एल्बा बेटावरून निसटला आणि २० मार्चला पॅरिसमध्ये येऊन बसला. पुन्हा लढाई आली. लढाईला पैसा लागतो, आणि तेव्हा इंग्लंडचं सरकार तो कर्जरोखे काढून उभा करी. १४ जून १८१५ रोजी ३ कोटी ६० लाख पौंडांचं कर्ज निघालं. पद्धत अशी, की बाजारातल्या बड्या मंडळींच्या टोळ्यांनी बोली लावायची आणि घेतलेलं कर्ज आपल्या माणसांत वाटायचं. रिकार्डो अशाच एका टोळीत होता. लढाईच्या धास्तीनं रोखे इतके स्वस्त झाले होते, की १०० पौंड रोख देणाऱ्याला पावणेदोनशेच्या वर दर्शनी किमतीचे रोखे मिळत होते. शिवाय पैसे हप्त्याहप्त्यानं भरायचे. म्हणजे पुढचे हप्ते येण्याआधीच भाव चढला तर नफा खिशात टाकून मोकळं होता येई.

रिकार्डोनं स्वतःसाठी भरपूर घेतलं आणि मित्राच्या नावानं ५,००० पौंडांचा वाटा बाजूला ठेवला. आता पाहा प्रसंग. तिकडे बेल्जियमात दोन फौजा समोरासमोर येताहेत आणि इकडे आमचे माल्थससाहेब भाताचं झाकण उचलून बघताहेत. त्यांनी रिकार्डोला कळवलं, की तुझी गैरसोय होणार नसेल तर थोडाफार नफा घेऊन माझा वाटा विकून टाक. रिकार्डोनं विकला. स्वतःचा मात्र ठेवला.

१८ जूनला वॉटर्लू झाली. २१ जूनच्या रात्री वेलिंग्टनचा दूत मेजर पर्सी, अंगावर तोच लढाईतला मळका गणवेश, घोडागाडीच्या खिडकीतून जिंकलेली फ्रेंच गरुडचिन्हं बाहेर डोकावताहेत, अशा थाटात लंडनात शिरला. रोख्यांचे भाव उसळले. आपल्याला आता याहून मोठा लाभ होण्याची अपेक्षाही नाही नि इच्छाही नाही, अशा अर्थाचं रिकार्डोनं मित्राला लिहिलं. माल्थसनं उत्तरात मोकळेपणानं कबूल केलं, की पहिल्या लढाईत बोनापार्टचं पारडं जड राहील असं मला वाटलं होतं.

ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि हिला हाक मारली. "अगं, मी एकटा नाही!"

पण दोन दिवसांनी मला माल्थसचा राग येईनासा झाला आणि रिकार्डोचं कौतुकही जरा ओसरलं. वॉटर्लूची लढाई थोडक्यात निभावली. ती नेपोलियननं जिंकली असती तर? रिकार्डोला फटका बसला असता, पण गॅटकम पार्कचं छप्पर काही उडालं नसतं. प्राध्यापकाला मात्र ५,००० पौंडांच्या कर्जाचे उरलेले हप्ते पडत्या भावात भरणं जड गेलं असतं. धीर हा मनाचा गुण आहे असं आपण म्हणतो, पण तो बराचसा खिशाचाही असतो. माल्थसनं आपल्या ऐपतीएवढाच धीर धरला, यात त्याचं काय चुकलं?

त्याच्या कॉलेजातल्या पोरांना मात्र हे कितपत उमगलं कोण जाणे. तिथंच शिकून १८३४ साली मुंबई इलाख्यात नोकरीला आलेला एक पोरगा म्हणजे बार्टल फ्रियर. पुढे १८६२ ते १८६७ तो मुंबईचा गव्हर्नर होता, आणि नेमका तोच आपल्या शेअरवेडाचा काळ! अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत शिरला आणि समुद्र बुजवण्यापासून हव्या त्या गोष्टीच्या कंपन्या निघाल्या. खिशात दमडी नसताना लोक १ जुलै १८६५ च्या वायद्यानं शेअर घेऊ लागले. रोखे आज घ्यायचे, उद्या दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे. पण एप्रिलात अमेरिकेतली लढाई आटोपली, कापूस कोसळला आणि १ जुलै उजाडला तेव्हा देणेकरी सगळे, घेणेकरी कोणी नाही. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ वर आला. पुढे ती बँकच बुडाली आणि फ्रियरसाहेबांना त्यापायी ठपका सोसावा लागला.

लंडनमध्ये तह झाला नाही, लढाई जिंकली, म्हणून रोखे चढले; मुंबईत तह झाला म्हणून शेअर बुडाले. आता यातून माणसानं शिकायचं काय? आणि बँकेचा तो शेअर घेऊन कोणी रिकार्डोसारखा ठाण मांडून बसला असता, तरी हाती काय लागलं असतं? नासलेलं दूध कितीही वेळ ठेवलं तरी त्याची बासुंदी होत नाही.

"बरं, मग सरकारी कागद घेऊन कायमचं बसावं!" असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. म्हणून इंग्लंडच्या 'कन्सोल' नावाच्या रोख्यांची कुंडली काढली. १७५१ साली जन्मलेला हा कागद. मुद्दल परत करायची सरकारवर सक्ती नाही, व्याज शेकडा ३. वॉटर्लूनंतर ज्यांनी तो जपून ठेवला त्यांची चांदी झाली. १८९० च्या दशकात तर तो शंभराच्याही वर गेला. पण मध्येच १८८८ मध्ये गोशेन नावाच्या अर्थमंत्र्यानं व्याज पावणेतीनवर आणलं; झोपलेल्याच्या उशीखालून पाव टक्का काढून घेतला म्हणा ना! १९०३ पासून ते अडीचवर आलं. पुढे दोन महायुद्धं झाली, महागाई आली, आणि १९७४ साली महागाईनं कहर केला तेव्हा हा कागद विशीच्याही खाली घसरला. पणजोबांनी नातवंडांसाठी ठेवलेला १०० पौंडांचा कागद नातवंडांच्या हाती विसाला आला! अखेर २०१५ साली सरकारनं उरलेले सगळे कन्सोल दर्शनी किमतीला परत घेतले. मुद्दल बुडालं नाही हो. थांबायची तयारी मात्र २६४ वर्षं हवी होती.

एवढा अभ्यास झाल्यावर मी जरा मऊ झालो. विकणारा भित्रा आणि ठेवणारा शहाणा, असं ठरवायची सोय राहिली नाही. ते पैसे आपल्याला केव्हा लागणार आहेत, कागद कोणाचा आहे आणि रात्री आपल्याला झोप येते की नाही, हे ज्याचं त्यानं पाहावं.

इकडे आपला सी-सॉही फिरला. रेपो दर ६.५० पर्यंत चढून फेब्रुवारी २०२५ पासून उतरू लागला, आणि त्या वर्षी दिवाळीला मेहुणे फराळाला आले तेव्हा त्यांचे लाखाचे सव्वा लाखाच्या आसपास झाले होते. माझी मुदतठेव बरीच मागे होती. चकलीचा तुकडा मोडत मी त्यांना मनापासून विचारलं, "त्या २०२२ च्या घसरणीत तुम्ही एवढे शांत कसे राहिलात हो?"

मेहुण्यांनी रिकार्डोसारखा चेहरा केला. पण उत्तर दिलं ते वहिनींनी. "अहो भाऊजी, कसले शांत! यांनी तेव्हा मोबाईल बदलला आणि फंडाचा पासवर्ड विसरले. नवा मागवायचा रोज विचार करायचे आणि रोज कंटाळा करायचे. तीन वर्षं पाहायलाच मिळालं नाही!"

मेहुणे चिवड्यातले दाणे वेचण्यात गढून गेले. मला हसू आवरेना. मग त्यांनाही आवरेना. रिकार्डो १८२३ मध्ये, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी वारला. मृत्युपत्रात त्यानं माल्थसची आठवण ठेवली होती. आणि माल्थस म्हणाला होता, की घरच्या माणसांखेरीज मी इतकी माया दुसऱ्या कोणावर केली नाही. वॉटर्लूच्या नफ्याचा हिशेब दोघांनी कधी एकमेकांच्या ताटात वाढला नाही.

मीही नाही वाढला. मेहुण्यांना जेवायला थांबवून घेतलं. भात नुकताच चढवला होता. मी स्वयंपाकघराकडे निघालो, तोच आतून आवाज आला, "अहो, झाकणाला हात लावायचा नाही!"